गोल्फमधले खरे किस्से, आणि त्यांच्या मुळाशी असलेलं नियमपुस्तक

प्रश्न असा आला आहे: गोल्फ हा शांत, शिस्तीचा, थोडा कंटाळवाणा वाटणारा खेळ. त्यात हसून पोट दुखावं असं खरंच काही घडतं का? आणि जे किस्से फिरत असतात त्यातले खरे किती?

मी स्पर्धांमध्ये रेफरी म्हणून काम करतो, त्यामुळे माझं उत्तर नियमांच्या बाजूने येणार. पण माझ्या मते गोल्फमधली गंमत येते तीच मुळी नियमांतून. बाकीच्या खेळांत पंच शिट्टी वाजवतो, खेळ थांबतो, चूक तिथेच मिटते. गोल्फमध्ये खेळाडू स्वतःच आपला पंच असतो, चेंडू जिथे जाऊन पडला तिथूनच मारायचा असतो आणि प्रत्येक फटका मोजला जातो. या तीन गोष्टी गंभीरपणे पाळायला गेलं की माणसं झाडावर चढतात, बाटल्या फोडतात आणि जिंकलेली स्पर्धा पेन्सिलीने हरतात.

आधी एक खोटा किस्सा बाजूला काढतो, कारण तो हमखास विचारला जातो. आफ्रिकेतल्या बेनिन देशात एकाने मारलेला चेंडू पक्ष्याला लागला, पक्षी वैमानिकावर आदळला आणि त्या विमानाने धावपट्टीवरची पाच मिराज लढाऊ विमानं जाळून टाकली, असा तो आहे. त्या देशाच्या हवाईदलाकडे मिराज विमानं असल्याची नोंदच नाही. किस्सा झकास आहे, पण मी तो सांगत नाही. खालचे सगळे नोंदीतले आहेत.

सुरुवात पेन्सिलीपासून. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके सर्वांत कमी तो विजेता या प्रकारात, तुमचं स्कोअरकार्ड तुमच्याकडे नसतं. ते तुमच्यासोबत खेळणाऱ्याकडे असतं, त्याला मार्कर म्हणतात; तुम्ही त्याचे नाहीतर तिसऱ्या कुणाचे आकडे लिहीत असता. फेरी संपली की स्कोअरिंगच्या टेबलाशी बसून एकेका होलचा, म्हणजे मैदानातल्या अठरा टप्प्यांपैकी प्रत्येकाचा, आकडा ताळून पाहायचा आणि सही करायची. एका होलवर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा लिहून सही केली तर तो जास्तीचा आकडा कायम. कमी लिहून सही केली तर थेट बाद. बेरीज चुकली तर तुमची जबाबदारी नाही, ती समिती करते. होलवारी आकडे मात्र सर्वस्वी तुमचे.

1968 च्या मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी अर्जेंटिनाच्या रॉबर्तो दे व्हिसेन्झोचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. पहिल्याच होलवर त्याने दुसरा फटका थेट होलमध्ये घातला आणि प्रेक्षकांनी त्याच्यासाठी वाढदिवसाचं गाणं म्हटलं. दिवसभर तो असाच खेळला. सतराव्या होलवर त्याने तीन फटके घेतले, ते टीव्हीवर लाखो लोकांनी पाहिले. मार्कर टॉमी आरनने लिहिले चार. अठराव्यावर एक फटका वाया गेल्यामुळे दे व्हिसेन्झो वैतागलेला होता. त्या तंद्रीत त्याने कार्डावर सही केली. प्रत्यक्षात 65, कार्डावर 66. खरा आकडा धरला असता तर बॉब गोल्बीशी बरोबरी होऊन दुसऱ्या दिवशी प्लेऑफ (बरोबरी सोडवणारा सामना) झाला असता. कार्डाप्रमाणे गोल्बी एका फटक्याने विजेता. समितीला काहीच करता येईना. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरलं आणि कागदावरचं खरं. दे व्हिसेन्झोने आरनला एका शब्दाने दोष दिला नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो एवढंच म्हणाला की केवढा मूर्ख आहे मी. बिचाऱ्या गोल्बीला मात्र काहीही चूक नसताना शिव्यांची पत्रं आली.

आणि याचा पुढचा अंक फारसा कुणाला ठाऊक नसतो. पाच वर्षांनी, 1973 मध्ये, तोच टॉमी आरन मास्टर्स जिंकला. शेवटच्या फेरीत त्याचा मार्कर होता जॉनी मिलर, आणि मिलरने एका होलवर आरनच्या नावे एक फटका जास्त लिहून ठेवला होता. आरनने तो टेबलावरच पकडला. कार्ड तपासण्याची सवय त्याला कुठून लागली असेल हे वेगळं सांगायला नको.

दे व्हिसेन्झोच्या त्या घोळाच्या अकरा वर्षं आधी, म्हणजे 1957 मध्ये, विंग्ड फूटला महिलांच्या यूएस ओपनमध्ये जॅकी पंगचं दुःख उलट्या बाजूचं होतं. बेरीज बरोबर, एकूण फटके सगळ्यांत कमी, विजय पक्का. पण चौथ्या होलवर सहाऐवजी पाच लिहिलेले. कमी आकडा, म्हणून बाद. क्लबच्या सभासदांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी तिथल्या तिथे वर्गणी काढून तिला सुमारे 3,000 डॉलर दिले. विजेतीचं बक्षीस होतं 1,800. हरण्यात जास्त पैसे मिळाल्याची अशी उदाहरणं विरळा.

पॅड्रिग हॅरिंग्टनचा किस्सा मला सगळ्यांत जास्त आवडतो, कारण त्यात दोष कौतुकाचा आहे. 2000 साली इंग्लंडमधल्या द बेल्फ्री मैदानावर तीन फेऱ्यांनंतर तो पाच फटक्यांनी पुढे होता. तिसऱ्या फेरीत त्याने मैदानाचा विक्रम केला म्हणून त्याचं कार्ड फ्रेम करून भिंतीवर लावायचं ठरलं. त्यासाठी जुनी कार्डं काढली, तर पहिल्या फेरीच्या कार्डावर त्याची सहीच नव्हती. त्याच्या जागी सोबतच्या खेळाडूची होती. शेवटची फेरी सुरू व्हायच्या आत तो बाद. फ्रेमची हौस कुणाला आली नसती, तर बहुधा तो करंडक घेऊन घरी गेला असता. अलीकडे, 2023 पासून, सही राहिली तर बाद करण्याऐवजी दोन फटक्यांचा दंड लावण्याची मुभा स्पर्धेच्या समितीला मिळाली आहे. हॅरिंग्टनला उशीरच झाला.

2003 च्या ब्रिटिश ओपनमध्ये (पुढे तिला नुसतं 'ओपन' म्हणतो) मार्क रो आणि येस्पर पार्नेविक यांनी तर पहिल्या टीवर, म्हणजे होल सुरू होतो त्या जागी, कार्डांची अदलाबदलच केली नाही. दोघांनीही एकमेकांचे आकडे बरोब्बर लिहिले, पण आपापल्या नावाच्या कार्डावर. रोने त्या दिवशी 67 फटक्यांत फेरी संपवली होती, ओपन जिंकण्याच्या अंतरात होता. दोघेही बाद. असा घोळ समितीने दुरुस्त करावा ही सोय नंतर झाली. नियमपुस्तकात अशा बऱ्याच ओळी आहेत, ज्यांच्या मागे कुणाचा तरी वाया गेलेला रविवार आहे.

आता 'जिथे पडला तिथून' या तत्त्वाकडे.

1949 च्या ओपनमध्ये आयर्लंडच्या हॅरी ब्रॅडशॉचा चेंडू फुटक्या बिअरच्या बाटलीत जाऊन बसला. आज असं झालं तर तो विनादंड बाहेर काढून खेळेल. त्यालाही बहुधा सवलत मिळाली असती, पण त्याला खात्री नव्हती आणि रेफरीची वाट पाहत बसायची इच्छाही नव्हती. त्याने डोळे मिटले आणि बाटलीसकट फटका मारला. काचा चहूकडे, चेंडू पंचवीस-तीस यार्डांवर. शेवटी बॉबी लॉकशी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. त्या एका फटक्याचा हिशोब लोक अजून मांडतात.

बेर्नहार्ड लांगरचा चेंडू 1981 मध्ये यॉर्कजवळच्या फुलफर्डला झाडाच्या फांद्यांत अडकला. लांगर शिडी न मागता वर चढला, फांदीवर बसून त्याने चेंडू ग्रीनकडे, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताकडे, मारला आणि मग उतरून खेळ पुढे चालू केला. लॉइड मॅन्ग्रमचं मात्र किड्यापायी नुकसान झालं. 1950 च्या यूएस ओपनच्या प्लेऑफमध्ये, बेन होगनच्या फक्त एक फटका मागे असताना, सोळाव्या ग्रीनवर त्याच्या चेंडूवर किडा बसला. मॅन्ग्रमने चेंडू उचलला, फुंकर मारली, परत ठेवला. तेव्हाच्या नियमांत ग्रीनवरही चेंडू असा उचलता येत नसे. दोन फटक्यांचा दंड आणि सामना संपल्यात जमा. आज ग्रीनवर खूण ठेवून चेंडू उचलणं, पुसणं हे प्रत्येक जण प्रत्येक होलवर करतो.

उलट काही वेळा नियम इतका उदार असतो की बघणाऱ्याला फसवणूक वाटावी. 1999 च्या फीनिक्स ओपनमध्ये टायगर वूड्सचा चेंडू तेराव्या होलवर एका शिळेमागे थांबला. शिळा सुमारे 450 किलोची. वूड्सने रेफरीला विचारलं, हे हलवता येईल का? नियम म्हणतो, नैसर्गिक वस्तू जमिनीत रुतलेली किंवा उगवलेली नसेल, तर ती 'सुटी वस्तू' आणि ती बाजूला करता येते. पान, काटकी, खडा. वजनाची मर्यादा नियमात नाही आणि दुसऱ्यांची मदत घ्यायला बंदी नाही. रेफरीने होकार दिला. दहाबारा प्रेक्षक पुढे आले, जोर लावला, शिळा लोळवली आणि वूड्सने त्या होलवर बर्डी केली, म्हणजे अपेक्षेपेक्षा एक फटका कमी घेतला. तेव्हा बरीच बोंब झाली. पण त्या रेफरीच्या जागी मी असतो तरी हाच निर्णय दिला असता. नियमात जे लिहिलेलं नाही ते दया येऊन किंवा राग येऊन घालता येत नाही.

क्रेग स्टॅडलरच्या बाबतीत उलटं झालं. 1987, टोरी पाइन्स, शनिवार. चेंडू झाडाच्या खाली, फांद्या जमिनीलगत. गुडघे टेकून मारण्यावाचून गत्यंतर नाही. जमीन ओली होती आणि पँट फिक्या रंगाची, म्हणून या भारदस्त गृहस्थांनी खाली टॉवेल अंथरला, त्यावर गुडघे टेकले आणि छान फटका मारला. कुणी काही बोललं नाही. रविवारी टीव्हीवाल्यांनी ते दृश्य मजेत पुन्हा दाखवलं आणि प्रेक्षकांचे फोन सुरू झाले: उभं राहण्यासाठी खाली काही रचणं नियमबाह्य आहे! शनिवारीच लक्षात आलं असतं तर दोन फटक्यांवर भागलं असतं. पण शनिवारचं कार्ड त्या दंडाविना सही होऊन गेलं होतं, म्हणजे कमी आकडा, म्हणजे बाद. दुसऱ्या क्रमांकाचे 37,333 डॉलर गेले, पँट तेवढी स्वच्छ राहिली. आठ वर्षांनी, 1995 मध्ये, ते झाड रोगाने पोखरलं आणि तोडायची वेळ आली, तेव्हा मैदानाने कुणाला बोलावलं असेल? स्टॅडलर आला आणि करवत चालवून त्याने ते पाडलं.

घरबसल्या रेफरीगिरी करणाऱ्या प्रेक्षकांचा हा उद्योग पुढे तीस वर्षं चालला. 2017 मध्ये लेक्सी थॉम्प्सन एका मोठ्या स्पर्धेत दोन फटक्यांनी पुढे असताना, आदल्या दिवशी तिने चेंडू जरासा चुकीच्या जागी ठेवला होता असा एका प्रेक्षकाचा ईमेल आला. शेवटची फेरी चालू असताना तिला एकदम चार फटक्यांचा दंड सांगितला गेला आणि ती प्लेऑफमध्ये हरली. 2018 च्या सुरुवातीपासून मोठ्या स्पर्धांनी प्रेक्षकांच्या अशा तक्रारी घेणं बंद केलं. प्रक्षेपणावर लक्ष ठेवायला आता अधिकृत माणूस बसतो.

कॅडीचा, म्हणजे खेळाडूचे क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) वाहणाऱ्या मदतनीसाचा, एक किस्सा सांगायलाच हवा. 2001 च्या ओपनचा शेवटचा दिवस, रॉयल लिदम. इयन वूसनम संयुक्त आघाडीवर. लिदमचं वैशिष्ट्य असं की पहिलाच होल पार तीनचा, म्हणजे तीन फटके अपेक्षित असलेला, आहे; तिथे ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब, काढायचं कामच नाही. वूसनमने लोखंडी क्लबने मारलेला चेंडू होलपासून वीतभरावर थांबला. बर्डी! दुसऱ्या टीवर त्याने ड्रायव्हर मागितला, तेव्हा कॅडी माइल्स बर्नला बॅगेत दोन ड्रायव्हर दिसले. सकाळी सराव करताना दोन्ही वापरून पाहिले होते आणि एक काढायचा राहून गेला. क्लबची मर्यादा चौदा. पंधरावा क्लब म्हणजे खेळून झालेल्या त्या होलसाठी दोन फटके दंड. बर्डीची बोगी (पारपेक्षा एक जास्त) झाली. वूसनमने तो जादा ड्रायव्हर झुडपात भिरकावला. पहिला होल पार चारचा असता, तर घोळ टीवरच उघड झाला असता आणि दंड झालाच नसता. तो तिसऱ्या क्रमांकावर बरोबरीत राहिला आणि कॅडीला त्याने कामावर ठेवलं. दोनच आठवड्यांनी स्वीडनमधल्या स्पर्धेत कॅडी सकाळी झोपून राहिला, तेव्हा मात्र वूसनमने त्याला निरोप दिला.

हेल अरविनबद्दल तीनच वाक्यं पुरतात. 1983 च्या ओपनमध्ये होलच्या काठावरचा, बोटभर अंतराचा चेंडू सहज आत ढकलायला गेला, पटर (ग्रीनवर चेंडू ढकलायचा क्लब) जमिनीला लागून वर उसळला आणि चेंडूला स्पर्शच झाला नाही. मारण्याच्या हेतूने हललेला क्लब म्हणजे फटका. स्पर्धा तो एका फटक्याने हरला.

नशिबाचे किस्से लोकांना सर्वांत जास्त हवे असतात, मला त्यांत तितका रस नाही. पण स्कॉटलंडमधल्या ट्रून मैदानाचा आठवा होल अपवाद. त्याला 'पोस्टेज स्टॅम्प' म्हणतात, कारण ग्रीन टपाल तिकिटाएवढं, लांबी सव्वाशे यार्डांच्या आसपास. 1950 च्या ओपनमध्ये जर्मन हौशी खेळाडू हेर्मान टिसीज एका बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) दुसऱ्या बंकरमध्ये मारत राहिला आणि त्याने तिथे पंधरा फटके घेतले. ग्रीनवर पोहोचल्यावर मात्र पटरचा एकच फटका लागला. 1973 मध्ये त्याच होलवर 71 वर्षांच्या जीन सारझनने पहिल्या दिवशी होल-इन-वन केला, म्हणजे पहिल्याच फटक्यात चेंडू होलमध्ये घातला, आणि दुसऱ्या दिवशी बंकरमधून चेंडू थेट होलमध्ये घातला. दोन फेऱ्या, तीन फटके, पटरला हात नाही. आणि 1989 च्या यूएस ओपनमध्ये ओक हिलच्या सहाव्या होलवर दोन तासांच्या आत चौघांनी होल-इन-वन केले, चौघांच्याही हातात सात नंबरचा आयर्न (लोखंडी क्लब). याला चमत्कार म्हणण्याआधी ग्रीन पाहावं: त्या दिवशी झेंडा अशा खोलगट जागी होता की मागच्या उतारावर पडलेला चेंडू घरंगळत होलकडेच येत होता. (जपानमध्ये होल-इन-वनचा विमा मिळतो. असा फटका लागला तर मित्रांना मेजवानी आणि भेटी द्यायची रीत आहे, आणि तो खर्च झेपत नाही.)

मैदानंही कमी नाहीत. 1940 मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना रिचमंडच्या क्लबने तात्पुरते नियम छापले. गोळीबार चालू असताना आडोसा घेतल्यास दंड नाही. शत्रूच्या कारवाईने चेंडू हलला तर परत जागेवर ठेवता येईल. उशिरा फुटणाऱ्या बॉम्बच्या जागा लाल निशाणांनी दाखवल्या आहेत, आणि ही निशाणं पुरेशा, पण हमी नसलेल्या, सुरक्षित अंतरावर आहेत. सगळ्यांत कडी म्हणजे, फटका मारतानाच बॉम्ब फुटून लक्ष विचलित झालं तर त्याच जागेवरून दुसरा चेंडू खेळता येईल; मात्र एका फटक्याचा दंड. हा दंड वाचला की मला नियम लिहिणाऱ्यांबद्दल नितांत आदर वाटतो. फुकट सवलत दिली असती तर प्रत्येक वाईट फटक्याचं खापर जर्मन विमानांवर फुटलं असतं.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या कार्ब्रुक क्लबच्या तळ्यात 1990 च्या दशकातल्या पुरांबरोबर सहा बुल शार्क मासे आले. पाणी ओसरलं आणि ते तिथेच अडकले. सुमारे सतरा वर्षं ते तळ्यात राहिले, वाढले. क्लबने त्यांच्या नावाने स्पर्धाही ठेवली. 2013 च्या पुरानंतर त्यांचा वावर थांबत गेला. तळ्यात गेलेले चेंडू काढायला त्या काळात कोण उतरत असेल, हा विचार करण्यासारखा विषय आहे. आणि फिनलंड-स्वीडन सीमेवर टॉर्नियोला एका मैदानातून देशांची सीमा जाते, तिथे दोन देशांच्या घड्याळांत तासाचा फरक. एका छोट्या होलवर चेंडू हवेत असताना तास बदलतो.

चंद्रावर गोल्फ खेळल्याचा किस्साही लोक विचारतात, तर तोही खरा. फेब्रुवारी 1971 मध्ये अपोलो 14 च्या ॲलन शेपर्डने सहा नंबरच्या आयर्नचं डोकं मातीचे नमुने गोळा करायच्या दांड्याला जोडलं आणि दोन चेंडू मारले. अवजड पोशाखामुळे एका हाताने. दुसरा चेंडू मैलोनमैल गेल्याचं त्याने जाहीर केलं. पन्नास वर्षांनी जुन्या छायाचित्रांवर काम करून अंतर काढलं गेलं: पहिला 24 यार्ड, दुसरा 40. आपला फटका प्रत्यक्षापेक्षा लांब सांगण्याची गोल्फरांची खोड पृथ्वीपुरती नाही, हे त्यातून सिद्ध झालं.

आणि शेवटी मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट. बॅरो-इन-फर्नेसचा क्रेनचालक, वय 46. टपालाने मागवलेले क्लब, सराव मोकळ्या जागेत. 1976 मध्ये त्याला वाटलं की ओपन खेळावं. अर्जात हौशी म्हणून नाव द्यायचं तर हँडिकॅप, म्हणजे कौशल्याचा अधिकृत आकडा, लिहावा लागे आणि तो त्याच्याकडे नव्हता. व्यावसायिकाला हँडिकॅप विचारत नसत. म्हणून त्याने 'व्यावसायिक' अशी खूण केली. फॉर्म्बीच्या पात्रता फेरीत त्याने 121 फटके घेतले, पारपेक्षा 49 जास्त. ओपनच्या इतिहासातली सर्वांत वाईट फेरी. संयोजक संतापले आणि त्याचे दरवाजे बंद झाले. मग तो वेष बदलून, नावं बदलून येत राहिला. 1983 मध्ये 'जेराल्ड हॉपी' नावाचा स्विस व्यावसायिक बनून आला आणि नऊ होलमध्ये 63 फटके घेतले. अधिकाऱ्यांना वाटलं, आणखी एक फ्लिटक्रॉफ्ट उगवला. जवळ जाऊन पाहतात तर तोच. इकडे अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या एका क्लबने त्याच्या नावाने स्पर्धा सुरू केली आणि त्याला पाहुणा म्हणून बोलावूनही घेतलं.

त्या 121 नंतर पत्रकारांनी त्याच्या आईला फोन केला असं सांगतात. तिने विचारलं, मॉरिस जिंकला का? नाही, ओपनमधली आजवरची सगळ्यांत वाईट फेरी खेळलाय. त्यावर ती म्हणाली, असू दे, कुठून तरी सुरुवात करायलाच हवी ना.